पाहुण्याला पाहुणा असल्याचे कळावे का?

आपल्याकडच्या अनेक शाळा दोन अधिवेशनांत भरतात. सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक. इमारत एकच, पण शाळा दोन. मुख्याध्यापक वेगळे, हजेरीपट वेगळे, कपाटांच्या किल्ल्या वेगळ्या. सकाळच्या चौथीतल्या मुलाला विचारले तर ती इमारत त्याच्या शाळेची असते; दुपारच्या नववीतल्या मुलीला विचारले तर तिच्या. दोघेही खरेच सांगत असतात. कुरबुरी होतात त्या एवढ्याच, की फळ्यावरचे चित्र कोणी पुसले, किंवा बाकात विसरलेली कंपासपेटी कोठे गेली.

एका मेळाव्यात एका शिक्षिकेने आम्हाला विचारले, "एकाच संगणकात शेकडो संगणक चालतात असे वाचले. म्हणजे नक्की काय होते? आत लहान लहान संगणक बसवलेले असतात का?" तसे काही बसवलेले नसते. उत्तर शोधताना आम्हाला दोन अधिवेशनांची शाळाच आठवली. फरक इतकाच, की येथे शाळा दोन नसून शेकडो असतात आणि पाळी पाच तासांनी नव्हे, तर सेकंदाच्या काही हजारांश भागाने बदलते. फळ्यावरचे एक अक्षरही पुसले जाता कामा नये, आणि एका शाळेची वही दुसऱ्या शाळेच्या हाती लागता कामा नये.

ही किमया आज सगळीकडे वापरली जाते. इंटरनेटवरून मिळणाऱ्या बहुतेक सेवा अशा भासमान संगणकांवर चालतात. पण तिचा उगम मोठ्या, म्हणजे मेनफ्रेम संगणकांत आहे आणि तेथे ती पन्नास वर्षांहून अधिक काळ घासूनपुसून वापरली गेली आहे. म्हणून आपण तिची ओळख तेथेच करून घेऊ.

पर्यवेक्षकाचाही पर्यवेक्षक

प्रत्येक संगणकात एक मुख्य आज्ञावली सतत कारभार पाहत असते. तिला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज, लिनक्स, मोबाइलमधील अँड्रॉइड या कार्यप्रणालीच. कोणती आज्ञावली केव्हा चालेल, स्मृतीचा (म्हणजे मेमरीचा) कोणता भाग कोणाला मिळेल, चकतीवर काय लिहिले जाईल, हे सर्व ती ठरवते. साठच्या दशकात तिला 'सुपरवायझर' म्हणत. म्हणजे आपल्या शाळेतले पर्यवेक्षकच.

कार्यप्रणालीची घडणच अशी असते की सारे यंत्र आपल्या एकटीचे आहे असे ती धरून चालते. दोन कार्यप्रणाली एकाच यंत्रावर मोकळ्या सोडल्या तर दोघी स्मृतीच्या अगदी सुरुवातीच्या त्याच जागेत आपापल्या खुणा लिहू लागतील आणि क्षणात दोघींचाही कारभार कोसळेल. त्यांना एकत्र नांदवायचे असेल तर त्यांच्याही वर कोणी तरी हवा. 'सुपर'च्या वरचा म्हणून त्याला 'हायपरवायझर' हे नाव पडले. तो प्रत्येक कार्यप्रणालीला एक संपूर्ण यंत्र मिळाल्याचा भास करून देतो. या भासमान यंत्राला आपण आभासी यंत्र म्हणू आणि त्यात राहणाऱ्या कार्यप्रणालीला पाहुणा.

आयबीएम कंपनीच्या मेनफ्रेमवर हे काम करणाऱ्या प्रणालीचे आजचे नाव झेड-व्हीएम. तिची ७.४ ही आवृत्ती २०२४ साली आली. तिच्या गाभ्यातील नियंत्रकाला आजही 'सीपी', म्हणजे कंट्रोल प्रोग्रॅम, म्हणतात. हे नाव १९६४ पासूनचे आहे.

केंब्रिजमधील युक्ती

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने 'सिस्टिम ३६०' ही संगणकांची मालिका जाहीर केली. अमेरिकेतील केंब्रिज शहरात, एमआयटी या विद्यापीठाच्या शेजारी, कंपनीचे एक लहानसे वैज्ञानिक केंद्र त्याच वर्षी सुरू झाले होते. एमआयटीमध्ये त्या वेळी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याचे प्रयोग जोरात चालू होते. नव्या ३६० यंत्रांत मात्र त्यासाठी लागणारी सोय नव्हती.

केंद्रातील रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ च्या अखेरीस एक वेगळा विचार केला. शंभर जणांना सांभाळणारी एकच अवाढव्य कार्यप्रणाली लिहिणे अतिशय अवघड. त्याऐवजी कामाचे दोन भाग करावेत. एक भाग फक्त वाटणी करील. म्हणजे प्रत्येकाला एकेक संपूर्ण ३६० यंत्र मिळाल्याचा भास करून देईल. दुसरा भाग म्हणजे एकाच माणसासाठी लिहिलेली साधी, सुटसुटीत कार्यप्रणाली. तिने वाटणीची चिंताच करायची नाही. पहिल्या भागाला सीपी हे नाव मिळाले आणि दुसऱ्याला सीएमएस.

यासाठी त्यांनी ३६० मालिकेतील ४० क्रमांकाच्या एका यंत्रात खास जादा सर्किट बसवले. म्हणून या प्रणालीचे नाव सीपी-४०. जानेवारी १९६७ मध्ये ती नित्य वापरात आली. त्या यंत्राची खरी स्मृती होती अवघी २५६ किलोबाइट. तिच्यावर चौदा आभासी यंत्रे चालत, आणि त्यांतील प्रत्येकाला वाटे की आपली स्मृती २५६ किलोबाइट आहे. म्हणजे कबूल केलेली स्मृती १४ × २५६ = ३,५८४ किलोबाइट, आणि हातात त्याच्या चौदावा भाग! हा व्यवहार कसा जमतो ते पुढे पाहू.

त्यानंतर सीपी-६७ आली आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम-३७० ही प्रणाली कंपनीने अधिकृतपणे जाहीर केली. आजची झेड-व्हीएम तिचीच वंशज. वंशाच्या काही खुणा गमतीदार आहेत. त्या काळी संगणकाला माहिती भोके पाडलेल्या कार्डांतून दिली जाई. म्हणून प्रत्येक आभासी यंत्राला एक आभासी कार्ड-वाचक आणि एक आभासी कार्ड-छिद्रक मिळे. खरी कार्डे केव्हाच गेली, आभासी राहिली. आजही झेड-व्हीएमवर नवा लिनक्स पाहुणा बसवताना त्याच्या सुरुवातीच्या फाइली पुष्कळदा आभासी कार्डांवर 'छिद्रित' केल्या जातात आणि पाहुणा आभासी कार्ड-वाचकातून सुरू होतो.

कोणती आज्ञा पकडायची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भास निर्माण करायचा कसा?

एक सरळ मार्ग असा की पाहुण्याची प्रत्येक आज्ञा नियंत्रकाने वाचावी, तिचा अर्थ लावावा आणि तिचे फळ काय ते पाहुण्याला द्यावे. हे बरोबर चालेल, पण फार संथ. दोन संख्यांच्या साध्या बेरजेसाठीही नियंत्रकाला कितीतरी आज्ञा खर्चाव्या लागतील.

क्रीसी आणि मंडळींची युक्ती ३६० यंत्राच्या एका गुणधर्मावर उभी होती. त्या यंत्राच्या प्रोसेसरला दोन अवस्था असतात. एक पर्यवेक्षकाची, दुसरी सामान्य आज्ञावलीची. बेरीज, वजाबाकी, तुलना अशा आज्ञा दोन्ही अवस्थांत चालतात. पण चकती सुरू करणे, स्मृतीची कुलपे बदलणे, प्रोसेसरची अवस्थाच बदलणे, अशा आज्ञांना विशेषाधिकार लागतो. सामान्य अवस्थेतील आज्ञावलीने अशी आज्ञा दिली तर प्रोसेसर ती पाळत नाही. तो काम थांबवतो आणि पर्यवेक्षकाला हाक मारतो.

नियंत्रकाने काय केले, तर संपूर्ण पाहुणा, म्हणजे त्याच्यातील पर्यवेक्षकासकट, सामान्य अवस्थेत चालवला. पाहुण्याला वाटते आपण पर्यवेक्षक आहोत. प्रोसेसरच्या लेखी तो एक विद्यार्थी असतो. साध्या आज्ञा तो पूर्ण वेगाने, थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवतो. त्याने विशेषाधिकाराची आज्ञा दिली की मात्र हाक नियंत्रकाकडे जाते. नियंत्रक ती आज्ञा तपासतो, पाहुण्याच्या आभासी यंत्रापुरता तिचा परिणाम घडवून आणतो आणि पाहुण्याला पुढच्या आज्ञेपासून सुरू करतो. मध्ये काही घडले याचा पाहुण्याला पत्ताही नसतो.

ही पद्धत कोणत्या यंत्रावर चालेल? जेरल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली याचे नेमके उत्तर दिले. जी आज्ञा यंत्राचा खरा कारभार बदलते, किंवा त्याची खरी स्थिती उघड करते, ती संवेदनशील आज्ञा. प्रत्येक संवेदनशील आज्ञेला विशेषाधिकार लागत असेल, म्हणजे ती अधिकार नसताना दिली की हमखास पकडली जात असेल, तर त्या यंत्रावर असा नियंत्रक लिहिता येतो.

अट साधी दिसते. पण आपल्या टेबलावरच्या संगणकांतील प्रोसेसर ती अनेक वर्षे पाळत नव्हते. त्यांत काही संवेदनशील आज्ञा अशा होत्या की अधिकार नसताना त्या दिल्या तर प्रोसेसर हाक मारत नसे. नको तो भाग नुसता गाळून पुढे जाई. वर्गातल्या एखाद्या मुलाने शिपायाला "घंटा द्या" म्हटले, शिपायाने घंटा दिली नाही, पण मुख्याध्यापकांना कळवलेही नाही, तसा हा प्रकार. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेंटियम प्रोसेसरच्या अशा १७ आज्ञा मोजल्या आहेत. १९९९ साली बाजारात आलेल्या व्हीएमवेअरच्या प्रणालीला पाहुण्याच्या आज्ञा चालता चालता बदलून ही अडचण ओलांडावी लागली. पुढे २००५ आणि २००६ साली इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी प्रोसेसरमध्येच सोय केली. मेनफ्रेमवर तशी सोय १९८० च्या दशकात आली होती. तेथे एका खास आज्ञेने नियंत्रक पाहुण्याला सुरू करतो आणि त्याच्या बऱ्याच विशेषाधिकाराच्या आज्ञा प्रोसेसर स्वतःच सांभाळतो. नियंत्रकाकडे थोड्याच प्रकरणांची दाद मागितली जाते.

पानांचा हिशेब

स्मृतीची वाटणी पानांनी होते. ४,०९६ बाइटांचे एक पान. खऱ्या स्मृतीचेही तेवढ्याच आकाराचे तुकडे कल्पायचे. त्यांना चौकटी म्हणू. कोणते पान कोणत्या चौकटीत आहे याचा तक्ता ठेवायचा. हे गणित सातवीच्या मुलांनाही जमेल.

समजा, पाहुण्यातील एका आज्ञावलीला १०,००० क्रमांकाचा बाइट हवा आहे. १०,००० ला ४,०९६ ने भागले की भागाकार २ आणि बाकी १,८०८. म्हणजे २ क्रमांकाच्या पानातील १,८०८ वा बाइट. पाहुण्याचा तक्ता सांगतो की २ क्रमांकाचे पान ५७ व्या चौकटीत आहे. पाहुण्याच्या हिशेबाने खरा पत्ता झाला ५७ × ४,०९६ + १,८०८ = २,३५,२८०.

पण पाहुण्याची 'खरी' स्मृती हीही भासच. त्याची ५७ वी चौकट हे नियंत्रकाच्या दृष्टीने पुन्हा एक पानच आहे. नियंत्रकाचा तक्ता सांगतो की या पाहुण्याचे ५७ वे पान ९०३ व्या चौकटीत आहे. म्हणून अगदी खरा पत्ता ९०३ × ४,०९६ + १,८०८ = ३७,००,४९६. बाकी दोन्ही वेळा तीच राहते, फक्त भागाकाराची अदलाबदल होते. दुसऱ्या पाहुण्याचेही ५७ वे पान असते, पण नियंत्रकाच्या तक्त्यात त्याच्यापुढे दुसरीच चौकट असते. एका पाहुण्याला दुसऱ्याचे पान वाचता येत नाही ते केवळ यामुळे. त्या पानाकडे नेणारा पत्ताच त्याला लिहिता येत नाही. एकाच यंत्रावर दोन बँकांची खाती शेजारी शेजारी ठेवण्याचे धाडस माणसे करतात, ते या तक्त्यावर विश्वास ठेवून.

कबूल किती, हातात किती

पाहुण्याला कबूल केलेली सगळी पाने तो एकाच वेळी वापरत नाही. जी बराच वेळ वापरली नाहीत ती नियंत्रक चकतीवर उचलून ठेवतो आणि मागितली की परत आणतो. सीपी-४० चा चौदापट वायदा यामुळेच निभावला. शाळेत पाचशे मुले आणि प्रयोगशाळेत चाळीस स्टुले असली तरी भागते, कारण सगळे वर्ग एका तासाला प्रयोगशाळेत येत नाहीत.

पण सगळे एकदम आले तर? पाने आणणे-नेणे यातच यंत्राचा वेळ जातो, कामाला उरत नाही. म्हणून किती वायदा करायचा याचा अंदाज हा या धंद्यातला खरा जोखमीचा भाग. खरी स्मृती वाढली म्हणून तो सुटत नाही. झेड-व्हीएमला वापरता येणारी खरी स्मृती २०१३ च्या ६.३ आवृत्तीत एक टेराबाइट झाली, २०१६ च्या ६.४ मध्ये दोन आणि पुढे ७.२ मध्ये चार. पण पाहुण्यांच्या मागण्याही तशाच वाढत गेल्या.

येथे एक नवाच प्रश्न पुढे आला. डिसेंबर १९९९ पासून मेनफ्रेमवर लिनक्स चालू लागली. २००० साली एका प्रयोगात एकाच मेनफ्रेमवर ४१,४०० लिनक्स पाहुणे सुरू करून दाखवण्यात आले. सुरू होणे निराळे आणि सुखाने नांदणे निराळे. लिनक्स वाढली टेबलावरच्या संगणकात. तेथे सारी स्मृती तिचीच. रिकामी ठेवून उपयोग काय? म्हणून ती उरलेल्या स्मृतीत चकतीवरच्या फाइलींच्या प्रती भरून ठेवते. एकट्या घरात हा काटकसरीचा गुण. शंभर पाहुण्यांच्या घरात हाच अवगुण ठरतो, कारण प्रत्येक जण न लागणारी पानेही अडवून बसतो.

त्याहून गमतीचा प्रकार घड्याळाचा. त्या वेळची लिनक्स काम असो वा नसो, सेकंदाला १०० वेळा जागी होऊन 'काही काम आले का?' असे पाहत असे. एका संगणकाला याचे ओझे वाटत नाही. पण एका यंत्रावर एक हजार झोपलेले पाहुणे असतील तर? सेकंदाला एक लाख वेळा नियंत्रकाने कोणाला तरी उठवायचे, त्याने आळस देऊन 'काही नाही' म्हणायचे आणि पुन्हा झोपायचे! कोणीच काही काम करत नसताना यंत्र दमून जाई.

चूक कोणाची? नियंत्रकाची नाही, त्याने भास चोख ठेवला होता. पाहुण्याचीही नाही, आपण पाहुणे आहोत हे त्याला ठाऊकच नव्हते. भास पुरा होता, म्हणूनच हा घोळ झाला.

पाहुण्याच्या कानात

उपाय पाहुण्याच्या बाजूने झाला. मेनफ्रेमसाठीच्या लिनक्समध्ये बदल करण्यात आला. काम नसेल तर तिने दर वेळी उठायचे नाही. पुढचे काम केव्हा आहे ते पाहून थेट त्या वेळेची हाक लावून झोपायचे. स्मृतीच्या बाबतीतही तसेच. नियंत्रकाने 'सध्या ओढाताण आहे' असे कळवले की पाहुण्याने आपली काही पाने आपणहून सोडायची. कोणती पाने खरोखर नको आहेत हे नियंत्रकाला बाहेरून दिसत नाही. पाहुण्याला ते नेमके माहीत असते. अनेक पाहुणे एकच आज्ञावली वापरत असतील तर तिची एकच प्रत सामायिक पानांत ठेवायची आणि सगळ्यांनी तीच वाचायची, असेही करता येते.

हे बोलणे चालते एका चोरदारातून. मेनफ्रेमच्या आज्ञांमध्ये 'डायग्नोज' नावाची एक आज्ञा आहे. मुळात ती यंत्राच्या तपासणीसाठी राखलेली. नियंत्रकाने तिला पाहुण्याशी बोलण्याचे साधन केले. ज्याला आपण पाहुणे आहोत हे माहीत आहे, तो या आज्ञेने नियंत्रकाकडे थेट मागणी करतो. ज्याला माहीत नाही, त्याचेही काही बिघडत नाही.

आम्हाला या साऱ्या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही. सुरक्षेच्या बाबतीत भास पुरा हवा. पाहुणा प्रामाणिक असो वा लबाड, त्याला शेजाऱ्याच्या पानापर्यंत पोचता येता कामा नये; तेथे त्याच्या समजूतदारपणावर विसंबून चालणार नाही. पण काटकसरीच्या बाबतीत सत्य सांगणेच फायद्याचे. ही दोन तत्त्वे वेगळी ठेवली की अलीकडच्या सुधारणांचा अर्थ सहज लागतो. आपण दोन पाहू.

चालते बिऱ्हाड हलवणे

एका यंत्रावर शेकडो पाहुणे असले की दुरुस्तीसाठी ते बंद करणे म्हणजे शेकडो कार्यालये एकदम बंद करणे. २०११ साली आलेल्या ६.२ आवृत्तीने यावर तोड काढली. चारपर्यंत झेड-व्हीएम प्रणालींचा एक गट करता येऊ लागला. २०२२ च्या ७.३ आवृत्तीत ही संख्या आठ झाली. गटातील चकत्या सर्वांना सामायिक असतात आणि चालू असलेला लिनक्स पाहुणा एका प्रणालीवरून दुसरीवर न थांबवता हलवता येतो. चकती सामायिक असल्याने हलवायची असते ती मुख्यतः स्मृती.

चालत्या पाहुण्याची पाने तर सतत बदलत असतात. मग? येथे भूमितीय श्रेणी मदतीला येते. समजा, पाहुण्याची स्मृती चार गिगाबाइट आहे, म्हणजे १०,४८,५७६ पाने. सगळी पाने दुसरीकडे उतरवून घ्यायला ४० सेकंद लागतात, आणि पाहुणा सेकंदाला १,२५० पाने बदलतो. पहिल्या फेरीच्या ४० सेकंदांत ५०,००० पाने बदलली. दुसऱ्या फेरीत तेवढीच उतरवायची. त्याला लागतात सुमारे १.९ सेकंद. तेवढ्यात बदलली सुमारे २,४००. तिसऱ्या फेरीला सेकंदाचा अकरावा भागही पुरे होतो आणि मागे राहतात शे-सव्वाशे पाने. आता पाहुण्याला क्षणभर थांबवायचे, ती पाने आणि प्रोसेसरची स्थिती पलीकडे न्यायची आणि तेथे त्याला पुढे सुरू करायचे. मात्र पाने बदलण्याचा वेग ती उतरवण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तर श्रेणी लहान होत नाही. गुणोत्तर एकापेक्षा कमी हवे. म्हणून या हालचालीला वेळेची मर्यादा घालून देता येते. ती ओलांडली तर बेत रद्द होतो आणि पाहुणा होता तेथेच राहतो.

यात एक सुंदर अडचण आहे. गटातील एक यंत्र नवे आणि दुसरे जुने असेल तर नव्या यंत्रावर काही जादा आज्ञा असतात. पाहुण्याने त्या वापरायला सुरुवात केली आणि मग त्याला जुन्या यंत्रावर नेले, तर तो तेथे अडखळेल. म्हणून ज्या यंत्रांमध्ये त्याने फिरायचे त्यांच्यात समान असलेल्या सोयीच त्याला पहिल्यापासून दाखवायच्या. गणिताच्या भाषेत, सोयींच्या संचांचा छेद. पुढे खोटे पडू नये म्हणून आधीच कमी सांगायचे!

घंटेच्या आधीची घंटा

दुसरी सुधारणा ७.३ आवृत्तीसाठी नंतर देण्यात आली. ती समजण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. झेड-व्हीएम स्वतःही पाहुणीच असते. १९८८ पासून मेनफ्रेमच्या यंत्रातच एक पायाभूत हायपरवायझर असतो. तो सबंध यंत्राचे मोठे विभाग पाडतो आणि अशा एका विभागात झेड-व्हीएम राहते. म्हणजे लिनक्स झेड-व्हीएमची पाहुणी आणि झेड-व्हीएम यंत्राची.

आता पायाभूत हायपरवायझरने झेड-व्हीएमकडचा प्रोसेसर अचानक काढून घेतला, तर त्या क्षणी त्यावर जो लिनक्स पाहुणा चालू असेल तो जागच्या जागी गोठतो. झेड-व्हीएमकडे दुसरा प्रोसेसर मोकळा असला तरी तिला या पाहुण्याला तिकडे नेता येत नाही, कारण त्याची स्थिती काढून घेतलेल्या प्रोसेसरमध्येच अडकलेली असते. नव्या सोयीनुसार पायाभूत हायपरवायझर आधी एक इशारा देतो आणि आवराआवर करायला किंचित सवलत देतो. झेड-व्हीएम तेवढ्यात पाहुण्याची स्थिती नीट उतरवून ठेवते आणि प्रोसेसर आपणहून परत करते. परीक्षेत शेवटच्या घंटेआधी एक घंटा देतात. मुले वाक्य पुरे करतात, पुरवण्या बांधतात. तसेच हे. येथेही पाहुणीला ती पाहुणी असल्याचे सांगितल्यानेच काम सुधारले.

वर्गात करून पाहा

चार मुलांना पाहुणे करा. प्रत्येकाला सांगा, 'तुझ्याकडे ० ते ७ अशी आठ पाने आहेत.' एकूण कबूल झाली ३२ पाने. टेबलावर मात्र १२ च कप्पे ठेवा, त्या चौकटी. एका मुलीला नियंत्रक करा. कप्पे फक्त तिनेच उघडायचे, आणि कोणाचे कोणते पान कोणत्या कप्प्यात आहे याचा तक्ता तिने ठेवायचा. जवळ एक पिशवी, ती चकती. कप्पे भरले की बराच वेळ न मागितलेले पान पिशवीत जाईल.

पाहुण्यांना चिठ्ठ्या द्या. पांढऱ्या चिठ्ठीवर साधे गणित. ते त्यांनी जागेवरच करावे. पिवळीवर '३ क्रमांकाच्या पानातील संख्येत ५ मिळवा' अशी सूचना. पान नियंत्रकाकडून मागून घ्यावे आणि परत द्यावे. लाल चिठ्ठीवर 'फळ्यावर लिहा'. ती स्वतः न पाळता नियंत्रकाच्या हाती द्यावी आणि तिने फळ्याच्या त्या पाहुण्यापुरत्या चौथ्या भागात लिहावे. खेळ रंगला की पिवळ्या चिठ्ठ्या एकदम वाढवा आणि नियंत्रकाची काय धावपळ होते ते पाहू द्या. मग नियम बदला: 'नको असलेले पान आपणहून परत करा.' दोन्ही वेळा लागलेला वेळ मोजा.

खेळ संपल्यावर मुलांना तीन प्रश्न विचारा. लाल चिठ्ठी एखाद्याने नियंत्रकाला न देता गुपचूप फाडून टाकली तर कोणाला कळेल? नियंत्रकाचा तक्ता हरवला तर कप्प्यांतील पानांचे काय? आणि पान परत करण्याचे एकाने खोटेच कबूल केले, तर बाकीच्यांचे नुकसान कोणते होईल आणि कोणते होणार नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना स्वतः सापडले, तर सुरक्षा आणि काटकसर यांतला फरक त्यांना समजला असे म्हणायला हरकत नाही. त्या शिक्षिकेला आम्ही हाच खेळ सुचवला होता.